कोकरनागचे केशरी बीज

काश्मीरमध्ये अनंतनाग जिल्ह्यातल्या कोकरनागच्या ट्राउट-बीजकेंद्रात पाऊल टाकताच आपली नजर साहजिकच मासे शोधू लागते; पण रसिकाने इथे आधी पाणी पाहावे. चुनखडकाच्या डोंगरात बर्फ आणि पाऊस मुरतात, खडकाच्या पोटातल्या वाटांनी दीर्घकाळ हिंडतात आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने असे निर्मळ उसळून येतात की तळाचा खडा न् खडा दिसावा. भूगर्भातून आलेल्या या पाण्याला ऋतूंचे चढउतार फारसे बाधत नाहीत. भोवताली बर्फ साचलेले असतानाही ते गोठत नाही आणि उन्हाळ्यातही आपला गारवा सोडत नाही. ‘आइन-ए-अकबरी’त अबुल फजलने कोकरनागच्या पाण्याची थोरवी सांगताना ते तहानेबरोबर भूकही शमवते, असे नोंदवले आहे. ट्राउटला तर अशा गार, वाहत्या पाण्याहून वेगळे काही नकोच असते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो, वाहत्या पाण्यात तो सतत नवा होत राहतो, आणि या माशाचे सारे जगणे त्या दोन गोष्टींवर तोललेले असते. १९८४ साली युरोपीय आर्थिक समुदायाच्या साह्याने हे केंद्र उभे राहिले, तेव्हा जागेची निवड जणू या झऱ्यांनीच करून ठेवली होती.

हिवाळा हा इथला विणीचा काळ. अंड्यांनी भरलेली मादी कर्मचारी अलगद उचलतात, ओल्या हातांनी तिच्या पोटावरून शेपटीच्या दिशेने हलका दाब देत जातात, आणि कोरड्या भांड्यात अंड्यांची केशरी धार उतरते. ते भांडे कोरडे का, याकडे आपण क्षणभर लक्ष देऊ या. नराचे शुक्रबीज पाण्याचा स्पर्श होताच जागे होते, पण ती जाग मिनिटभरही टिकत नाही; अंड्याचे सूक्ष्म द्वारही पाणी शोषत फुगताना मिटून जाते. म्हणून आधी कोरड्यातच दोहोंचे मीलन घडवायचे, ते मिश्रण अगदी हळुवार ढवळायचे, जुन्या रीतीत तर पक्ष्याच्या पिसाने, आणि मगच पाणी घालायचे. निसर्गात वाहत्या पाण्याखालच्या गोट्यांत क्षणार्धात उरकणारा हा सोहळा माणसाच्या हाती येतो, तेव्हा त्याला केवढी नजाकत अंगी बाणवावी लागते!

आता उबवणीच्या ट्रेमध्ये ठेवलेले एक अंडे पाहू. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढे, पिवळसर केशरी, आतून उजळल्यासारखे. हा रंग मादीच्या आहारातून येतो. रोहू-कटल्याच्या मत्स्यबीजाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना इथले गणित वेगळे वाटेल. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे लाखांच्या घरात अंडी देते. ट्राउटची किलोमागे सुमारे दीड-दोन हजार. संख्या थोडी, पण प्रत्येक अंडे मोठे, आणि पुढच्या अनेक आठवड्यांची शिदोरी प्रत्येकाच्या पोटात बांधून दिलेली.

ही शिदोरी पुरवून पुरवून वापरली जाते, आणि तिचा वेग पाणी ठरवते. दहा अंश तापमानात इंद्रधनुषी ट्राउटचे अंडे सुमारे महिन्याभरात फुटते. पाणी पाच अंशांच्या आसपास असेल, तर अडीच महिनेही लागतात. म्हणून इथे दिवस नुसते मोजत नाहीत, दिवसांना अंशांनी गुणतात. या सगळ्या काळात अंड्यांना हवा असतो अंधार, हवे असते अखंड झुळझुळते पाणी, आणि पहिल्या काही आठवड्यांत तर पूर्ण निश्चलता. एखादा धक्काही आतला जीव विझवू शकतो. मेलेले अंडे पांढरे पडते, त्यावर बुरशी धरते आणि ती शेजाऱ्यांना वेढू लागते; म्हणून ही पांढरी अंडी वेळच्या वेळी निवडून काढावी लागतात. केव्हा हात लावायचा आणि केव्हा आवरायचा, हे नेमके जाणणारी माया आपल्याला इथे भेटते, आणि या जागेचे खरे लालित्य मला त्या संयमातच दिसते.

मग एके दिवशी पारदर्शक कवचातून दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते डोळे असतात. जन्माआधीच आपल्याकडे रोखलेले ते डोळे पाहताना कोणाचे मन हलणार नाही? या टप्प्यावर अंडे कणखर होते. ओलाव्यात आणि गारव्यात जपले, तर लांबचा प्रवासही सोसते. काश्मीरच्या ट्राउटची सारी कहाणीच या सोशिकपणावर उभी आहे. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांना इथल्या ओढ्यांत ट्राउट हवा होता. १८९९ साली ब्रिटनहून निघालेली पहिली अंडी वाटेतच दगावली. पुढच्याच वर्षी, १९०० साली, स्कॉटलंडहून निघालेली अंडी मात्र समुद्र आणि घाट ओलांडून काश्मीरला जिवंत पोहोचली, आणि हिमालयातल्या ओढ्यांना तांबूस ठिपक्यांचा तपकिरी ट्राउट लाभला.

अंडे फुटले, तरी पिल्लू लगेच पोहत नाही. पोटाखाली केशरी पिशवी घेऊन ते तळाशी पडून राहते, तीच शोषून वाढते. आणि पिशवी सरत आली की प्रथमच वर झेपावते, पृष्ठभागाशी येऊन हवेचा घोट घेते. त्या एका घोटाने त्याचे वाताशय भरते आणि पाण्यात तरंगण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळते. त्यानंतर त्याला भरवायचे: मत्स्यजिऱ्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, होईपर्यंत, पुन्हा पुन्हा, चिमटी चिमटीने. मोठ्या झालेल्या इंद्रधनुषी ट्राउटच्या लांबट टाक्यांपाशी उभे राहिलो, की सगळी तोंडे येत्या पाण्याकडे वळलेली दिसतात. अंगावर काळ्या ठिपक्यांची पखरण, कुशीवरून ओघळलेला गुलाबी पट्टा. खाद्याची मूठ पडताच ते पाणी एकदम उकळू लागते.

यातली काही पैदास अन्नासाठी वाढते. पण अशा केंद्रांतली कितीतरी पिल्ले खोऱ्यातल्या ओढ्यांत सोडली जातात, आणि तिथून या जागेचा अर्थ विस्तारू लागतो. काश्मीरचे ओढे मासेमारीसाठी टप्प्याटप्प्यांत वाटलेले आहेत; मत्स्यविभागाचा परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या टप्प्यावरच गळ टाकायचा असतो. वाट दाखवणारा गावकरी, प्रवाशाला उतरवून घेणारे घर, ओढ्यावर राखण ठेवणारा चौकीदार, अशा अनेकांचा चरितार्थ गळाच्या त्या एका दोरीला बांधलेला असतो. आणि ओढा कसा नाजूक असतो, हे याच परिसराने पाहिले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोकरनागजवळ वांडेवलगाम येथे ब्रिंगी ओढ्याचे पाणी अचानक पात्रातल्या विवरात गडप झाले. खालचा प्रवाह आटला, ट्राउट तडफडून मेले. ज्या चुनखडकाने झरे दिले, त्यानेच ओढा गिळला! जपून ठेवलेल्या बीजाचे मोल अशा वेळी कळते; नदीचा पुढचा हंगाम कुठेतरी अंधाऱ्या ट्रेमध्ये सुखरूप असावा लागतो.

या केंद्रातले कितीतरी कष्ट एका निरोपासाठी असतात. इतक्या निगुतीने वाढवलेले पिल्लू अखेर खळाळत्या पाण्यात सोडायचे, आणि ते पुन्हा आपल्याकडे येऊ नये, त्याने स्वतःचे भक्ष्य स्वतः शोधावे, कधीतरी एखाद्या कसलेल्या गळकऱ्यालाही हुलकावणी द्यावी, अशी इच्छा धरायची. माणसाने निसर्गाशी जोडलेल्या नात्यांत इतके निर्लोभ नाते क्वचितच आढळते. म्हणूनच काश्मीरला निघालेल्या आपल्या मराठी प्रवाशांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की पहलगाम-गुलमर्गच्या बेतात कोकरनागसाठी एक सकाळ राखून ठेवावी, आणि जमल्यास ती हिवाळ्यातली असावी. एकदा तो डोळे उमटलेल्या अंड्यांचा ट्रे पाहिला, की काश्मीरचा प्रत्येक ओढा आपल्याला अधिक भरलेला दिसू लागतो.