रिंग थांबली की बोला

‘ओव्हर द एज’ हा कार्यक्रम १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील केपीएफए या रेडिओ केंद्रावर सुरू झाला, तेव्हा त्यात नवल वाटावे असे काही नव्हते. डॉन जॉइस हा निवेदक रात्री उशिरा रेकॉर्डी लावत असे, एवढेच. त्याच वर्षी इयन ॲलन या परिचिताने त्याची गाठ ‘निगेटिव्हलँड’ या जवळच्याच परगण्यातल्या तरुण वादकांशी घालून दिली आणि रेकॉर्डी लावण्याचे काम मागे पडले. स्टुडिओ हेच वाद्य झाले.

असा कार्यक्रम केपीएफएवरच का तगला, याचे उत्तर केंद्राच्या घडणीत आहे. दुसऱ्या महायुद्धात लढण्यास नकार देणारे शांततावादी लुइस हिल यांनी १५ एप्रिल १९४९ रोजी ते सुरू केले. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारे अमेरिकेतले हे पहिले केंद्र. जाहिराती नाहीत. संगीताच्या बाबतीत केंद्राचा कान आधीपासूनच तयार होता. १९६९ ते १९९२ या काळात चार्ल्स अमिरखानियन हे स्वतः संगीतकार असलेले गृहस्थ तिथे संगीत विभागाचे प्रमुख होते. ज्यांच्या रचनांना मैफलीत सहसा जागा मिळत नसे, अशांना त्यांनी प्रसारणात जागा दिली.

ध्वनीचे तुकडे जुळवून संगीत करण्याची ही कला मात्र बर्कलीची नव्हे. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओवर पिअर शेफर या अभियंत्याने आगगाड्यांचे ध्वनिमुद्रित आवाज कापून, फिरवून, एकावर एक रचून त्यांचे संगीत केले. युरोपात ही रीत पुढे स्टुडिओंमध्ये वाढली. जॉइसने ती आपल्या कार्यक्रमात आणली, आणि तीही जिवंत प्रसारणात, जिथे चूक खोडता येत नाही. त्याचे मुख्य हत्यार होते ‘कार्ट’. प्लास्टिकच्या डबीत टोके जोडलेली टेप असते. वाजून झाली की ती आपोआप सुरुवातीवर येऊन थांबते. रेडिओ केंद्रांत कार्टवर जाहिराती आणि जिंगल ठेवत. जॉइसने त्यांवर प्रवचने, चित्रपटांतले संवाद, बातम्या आणि जाहिरातींचेही तुकडे साठवले. मध्यरात्रीनंतर तीन-तीन तास, एखादा विषय धरून, तो हे तुकडे एकमेकांशी बोलते करी. निगेटिव्हलँडचा डेव्हिड विल्स ‘बूपर’ या घरी बनवलेल्या यंत्रातून किंचाळणारे, गुरगुरणारे स्वर काढी. क्रॉस्ली बेंडिक्स हा बढाईखोर माध्यमतज्ज्ञही अधूनमधून भाष्य करायला येई. त्याचा आवाज अर्थातच जॉइसचा.

कार्यक्रमाची सर्वांत धाडसी कल्पना श्रोत्यांच्या फोनची होती. फोन करणाऱ्यासाठी सूचना एकच: रिंग थांबली की तुम्ही प्रसारणात आहात. ‘हॅलो’ नाही, नाव-गाव नाही. कोणी बोले, कोणी वाद्य वाजवी, कोणी स्वतःची टेप लावी, आणि जॉइस ते चालू मिश्रणात मिसळून टाकी. ‘आकाशवाणी’ या शब्दात वाणी वरून येते आणि खालचे ऐकतात. इथे खालून वर बोलण्याची सोय होती. त्यातून कंटाळवाणे तासही निघाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तयार संगीतात न सापडणारी गंमतही त्यातूनच आली.

या प्रसारणांतून निवडलेले भाग कॅसेटवर निघू लागले. त्यांतल्या पहिल्या, ‘जॅमकॉन ८४’मधून ‘कल्चर जॅमिंग’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. माध्यमांचाच माल वापरून माध्यमांची थट्टा, असा त्याचा अर्थ; आज माध्यमशास्त्राच्या अभ्यासात तो सर्रास भेटतो. दुसऱ्याच्या मालाला हात लावण्याची किंमतही मोजावी लागली. निगेटिव्हलँडने १९९१ साली ‘यू२’ या बँडची खिल्ली उडवणारी रेकॉर्ड काढताच आयलंड रेकॉर्ड्स कंपनीने दावा ठोकला. त्यानंतर स्वामित्वहक्क आणि उचललेल्या ध्वनीचा न्याय्य वापर हा जॉइसच्या जिव्हाळ्याचा विषय झाला.

२२ जुलै २०१५ रोजी जॉइसचे निधन झाले. पुढच्या वर्षी निघालेल्या एका अल्बमच्या प्रतींसोबत साथीदारांनी त्याची दोन-दोन ग्रॅम रक्षा पुडीत घालून दिली. आपल्याकडे अस्थी नदीत जातात. या माणसाच्या श्रोत्यांकडे गेल्या. कार्यक्रमाची सूत्रे जॉन लाइडेकर यांनी हाती घेतली. जॉइसच्या काळातली शेकडो मुद्रणे आता इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य ऐकता येतात, आणि रिंग थांबताच बोलू लागलेले ते निनावी आवाजही त्यांत आहेत.