प्रार्थनेतले 'आम्ही'

आजच्या व्याख्यानाचा विषय 'प्रार्थनेचे सामर्थ्य' असा छापला आहे. आम्ही तो मान्य केला खरा, पण सुरुवातीलाच सांगून टाकतो, 'सामर्थ्य' या शब्दाशी आमचे थोडे भांडण आहे. सामर्थ्य म्हटले की माणूस मोजायला बसतो. किती जणांनी प्रार्थना केली, किती दिवस केली, गुण आला का.

मोजणारे खरोखरच होऊन गेले. 1872 साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हिशेब मांडला. राजांच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमधून नित्य प्रार्थना होते, मग राजे जास्त जगतात का? त्याच्या तक्त्यात ते इतर सुखवस्तू वर्गांपेक्षा कमीच जगलेले निघाले. 2006 साली अमेरिकेत 1802 बायपास रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना नक्की ठाऊक नव्हते, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी 52 टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली, न झालेल्यांपैकी 51 टक्क्यांना. आणि 'तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे' असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात 59! नास्तिक मंडळी हे आकडे टाळ्या घेत सांगतात. आमचे विश्वासी बंधू उत्तरादाखल बऱ्या झालेल्या माणसाची साक्ष पुढे करतात. आमच्या मते दोघेही प्रार्थनेला औषधाची मात्रा समजतात. वाद फक्त ती लागू पडते की नाही एवढाच.

हे आम्ही कोरडेपणाने बोलत नाही. पत्नीच्या आजारपणात चौदा महिने दर गुरुवारी आमच्या घरी प्रार्थनासभा भरत असे. ती गेली. महिनाभराने एक गृहस्थ सांत्वनाला आले आणि उठता उठता म्हणाले, "सर, विश्वास कुठेतरी कमी पडला असेल." आम्ही चहाचे कप उचलून आत गेलो, बाहेर यायला बराच वेळ लागला. मात्रेच्या हिशेबाचे हे शेवटचे टोक आहे. गुण आला नाही तर दोष रोग्याचा.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे दुसरेच उत्तर शिकवले. देव सर्वज्ञ असेल तर त्याला सांगायचे काय? कांटने 1793 च्या धर्मविषयक ग्रंथात मागण्याच्या प्रार्थनेला सरळ भ्रामक समजूत ठरवले आणि सदाचाराची वृत्ती तेवढी शिल्लक ठेवली. हल्ली ते सोपे करून सांगतात, की प्रार्थनेने देव बदलत नाही, आपण बदलतो. वाक्य सुबक आहे, परीक्षेत मार्क मिळतील. पण रात्री दोन वाजता ऑक्सिजनच्या नळीशेजारी बसलेल्या माणसाला ते ऐकवून बघा. तो स्वतःला बदलायला बसलेला नसतो हो, तो मागत असतो.

आणि येशूने मागणे कधी हलके मानले नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो आधी सांगतो, की तुम्ही मागण्यापूर्वीच पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. आणि लगेच पुढे मागायला शिकवतो! वर्गात आम्ही याला विसंगती म्हणायचो. आता म्हणवत नाही. लेकरू 'भूक लागली' म्हणते तेव्हा आईला ते ठाऊक नसते थोडेच?

त्या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. इथे मराठी आपल्याला अडवते, आणि बरे करते. ग्रीकमध्ये, इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द. मराठीत 'आपण' म्हटले की ऐकणाराही त्यात आला, 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहिला. देवाशी बोलायचे म्हणून भाषांतरकारांनी 'आम्ही' घेतले, ते योग्यच. पण मग या 'आम्ही'त आहे तरी कोण? भाकर मागायची ती आमची. ज्याच्या घरी पिठाचा डबा भरलेला आहे तो ही मागणी कुणाच्या वतीने करतो? पुढची मागणी तर आणखी अवघड. मत्तयाच्या मूळ ग्रीकमधला शब्द कर्जाचा आहे आणि मराठीत तो 'ऋण' म्हणून टिकला. पाप म्हटले की मामला देव आणि भक्त यांच्यात मिटतो. ऋण म्हटले की सावकार, सातबारा, भाऊबंदकी, सगळे घरात येऊन बसतात. शिवाय साऱ्या प्रार्थनेत या एकाच मागणीला आपल्या वागण्याची जोड आहे. आम्ही सोडले तसे तू सोड. म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. बहुतेकदा अडखळत नाही, कारण आम्ही ते पाढ्यासारखे म्हणतो. (पसायदानाचेही आपण तेच केले आहे. शाळा सुटताना म्हणायचे गाणे! ज्ञानदेवांनी तिथे दुष्टांसाठीसुद्धा मागितले आहे, हे कुणाच्या ध्यानात राहते?)

आता गेथशेमाने. तिथे येशू 'माझ्या बापा' अशी हाक मारतो. तीनदा तेच मागतो आणि प्याला टळत नाही. त्याचाही विश्वास कमी पडला होता काय, हे त्या गृहस्थांना विचारायचे राहून गेले. त्याने शिष्यांजवळ काय मागितले ते पाहा. माझ्याबरोबर जागे राहा, एवढेच. तेही त्यांना जमले नाही.

आमच्याकडच्या गुरुवारी जागे राहणारे पुष्कळ होते. चर्चची पायरी कधी न चढलेल्या शेजारीणबाई डबा घेऊन यायच्या आणि पायाशी बसून राहायच्या. शेवटच्या गुरुवारी पाळकांनी प्रार्थनेला सुरुवात केली तेव्हा पत्नीने हाताने थांबवले. आवाज जवळजवळ गेलेला होता. म्हणाली, आज माझे पुरे, आपल्या भांडी घासणाऱ्या बाईंच्या मुलीसाठी करा, उद्या तिचा दहावीचा गणिताचा पेपर आहे.

पास झाली का, असे तुम्ही विचाराल. झाली. पण तिने अभ्यासही केला होता.