थेरगाथेतील निसर्ग आणि गिरणगावातील मन

निसर्गाच्या सान्निध्यात मनःशांती लाभते, हे विधान इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणास वाटत नाही. आपल्या समाजातील काही जाणकार याच्या अगदी उलट बोलतात. डोंगर, झरे आणि चांदणे ही सुखवस्तू वर्गाची चैन असून, परळ-लालबागच्या चाळीत एका खोलीत संसार थाटणाऱ्यास त्यांचे काय प्रयोजन, असा त्यांचा सवाल असतो. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (1972) मुंबईचे जे जग मराठी कवितेत आणले, ते पाहता हा सवाल अनाठायी म्हणता येणार नाही. या दोन्ही मतांची परीक्षा करण्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही खुद्दकनिकायातील थेरगाथा व थेरीगाथा हे दोन ग्रंथ समोर ठेवीत आहोत.

थेरगाथेत 264 थेरांचे उद्गार संगृहीत आहेत. त्यांत पर्वत, मेघ, नद्या व मोर वारंवार येतात. महाकस्सप थेर वृद्धापकाळी शिला चढून जातात आणि मेघवर्णी शैल आपणास रमवितात असे पुनःपुन्हा सांगतात. सप्पक थेरांना काळ्या मेघाला भिऊन आसरा शोधणारी शुभ्र बलाका दिसते आणि अजकरणी नदीचा काठ प्रिय वाटतो. मराठी वाचकास येथे बालकवींचे (1890–1918) स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. बालकवींच्या सृष्टीत फूल आणि झरा मानवी भावना धारण करतात. थेरांच्या गाथांत मेघ हा मेघच राहतो. भय बलाकेला वाटते, थेराला वाटत नाही. बाहेर काय घडत आहे आणि चित्तात काय घडत आहे, या दोन गोष्टींची गल्लत थेर होऊ देत नाही. महाकस्सप तर अखेरीस स्पष्टच सांगतात की, एकाग्र चित्ताने धम्माचे यथार्थ दर्शन घेणाऱ्यास जी रती लाभते, ती पंचांगी वाद्यांतही नाही.

निसर्ग स्वतः शांती देत असता, तर थेरीगाथेतील शुभा थेरीची कथा घडलीच नसती. राजगृहातील जीवकाच्या आम्रवनात एक धूर्त तरुण तिची वाट अडवितो आणि वसंताचे, फुललेल्या वृक्षांचे व दरवळत्या सुगंधाचे वर्णन करतो. थेरीगाथेतील हे एक अत्यंत मोहक निसर्गवर्णन आहे, आणि ग्रंथाने ते मोह घालणाऱ्याच्या मुखी घातले आहे! ज्या नेत्रांची तो स्तुती करतो त्यांपैकी एक शुभा काढून त्याच्या हाती देते. वन एकच आहे. एकास ते कामनेचे साधन, तर दुसरीस विहाराचे स्थान. सारिपुत्त थेरांनीही अरण्याच्या रमणीयतेचे कारण अरण्यात शोधले नाही. सामान्य जन जेथे रमत नाही तेथे वीतराग रमतात, कारण ते कामसुखाच्या शोधात नसतात, असे ते सांगतात.

येथे आम्हास निसर्गप्रेमी संकलकांविषयी एक तक्रार नोंदविणे प्राप्त आहे. महाकस्सपांच्या गाथांतून ते मोर व शैल तेवढे उचलतात. शिला चढण्याआधी हेच थेर नगरात भिक्षेस उतरतात. एक कुष्ठरोगी आपल्या सडलेल्या हाताने त्यांना घास देतो, त्याचे बोट पात्रात गळून पडते, आणि थेर किळस न करता तो घास ग्रहण करतात. या गाथा वगळल्या की शैलांचे सौंदर्य केवळ देखावा उरतो. ज्यास त्या घासाची किळस आली नाही, त्यालाच त्या शिलेवर शांती लाभली. तीच गोष्ट सुनीत थेरांची. नीच मानलेल्या कुळात जन्मून कोमेजलेली फुले झाडणारा हा मनुष्य पुढे अरण्यात एकाकी विहार करतो. दुसऱ्यांनी वाहिलेल्या फुलांचा केर काढणाऱ्यास फुललेले वन कोणी मोकळे केले? संघाने केले.

अरियपरियेसन सुत्तात तथागत उरुवेलेच्या रमणीय भूमीचे, वनखंडाचे व वाहत्या नदीचे वर्णन करतात, आणि त्यासोबतच भिक्षेसाठी जवळ गाव असल्याचेही नमूद करतात. आपल्या मुंबईतील कान्हेरीचाही हाच दाखला आहे. शंभराहून अधिक लेणी, त्यांपुढील दगडी बाके आणि पावसाचे पाणी साठविणाऱ्या पोढी यांतून तेथे एकांत सिद्ध झाला. पण त्याला आधार कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांचा होता, हे तेथील शिलालेखच सांगतात. एकांत समाजाच्या बळावर उभा असतो.

म्हणूनच निसर्गाचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न ठरतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदी वर्णिली ती शाक्य आणि कोलिय यांच्यातील पाण्याच्या तंट्याच्या निमित्ताने. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्यावर गेलेला समुदायही तळ्याची शोभा पाहण्यास गेला नव्हता.

या दृष्टीने गिरगावजवळील चर्नी रोडच्या बागेचे महत्त्व आम्हास फार मोठे वाटते. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत अभ्यासास जागा नव्हती. पहाटे दोनला उठून भीमरावांना वाचन करावे लागे. एल्फिन्स्टन हायस्कूलचा हा विद्यार्थी शाळा सुटल्यावर त्या बागेत पुस्तक घेऊन बसे. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची ओळख झाली आणि पुढे सत्कारप्रसंगी गुरुजींनी आपले 1898 चे बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. तो सत्कार बाबासाहेबांच्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीचा, तर चरित्रकारांच्या मते 1907 च्या मॅट्रिकचा; भेटीविषयी मात्र दुमत नाही. बागेने त्या मुलास शांती दिली असे आम्ही म्हणणार नाही. तिने बसण्यास जागा दिली, आणि तेथे कोणी त्यास ऊठ म्हटले नाही. उरलेले कार्य त्याच्या चित्ताने केले.

1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा अशा जागा वाढण्याची संधी आली होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी होता. 2001 च्या दुरुस्तीने तो हिस्सा केवळ रिकाम्या भूखंडापुरता उरला, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. आज तेथे मनोरे उभे आहेत. परळचा मुलगा आज पुस्तक घेऊन कोठे बसेल, हा प्रश्न धम्माच्या अभ्यासकांनी परका मानू नये.

निष्कर्ष असा की, निसर्गास शांतीचा दाता मानणारे आणि त्यास चैन समजणारे, दोघेही थेरगाथा अर्धीच वाचतात. चित्तभावना ज्याची त्याने करावयाची आहे; परंतु तिला लागणारी मोकळी जागा सर्वांनी मिळून राखावयाची आहे. दादरच्या ज्या किनाऱ्यावर 7 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला, तेथे आपण 6 डिसेंबरला लाखोंच्या संख्येने जातो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही तेथे अर्धा तास स्वस्थ बसण्याचा परिपाठ आपण ठेवावा, आणि आपल्या वस्तीतील शिल्लक बागा व मैदाने वाचविण्याच्या कामात विहारांनी पुढाकार घ्यावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे.