‘स्वभाव’ नावाचे उत्तर

‘तो असा का वागला?’ हा प्रश्न ओसरीवर, पारावर, कचेरीत आणि लग्नाच्या मांडवात रोज विचारला जातो. त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते : ‘त्याचा स्वभावच तसा.’ ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण त्यावर शिक्कामोर्तब करते. वरकरणी हे मानवी वर्तनाचे स्पष्टीकरण भासते. वस्तुतः तेथे चौकशी थांबते. मराठी व्यक्तिचित्राचे मूल्यमापन करताना ही गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. कारण स्वभाववैशिष्ट्यांवरच पोसलेल्या या वाङ्मयप्रकारातील श्रेष्ठ कृतींनी ‘स्वभाव’ या उत्तराविषयीच संशय निर्माण केला आहे.

व्यंकटेश माडगूळकर यांचा ‘माणदेशी माणसं’ हा संग्रह १९४९ साली प्रसिद्ध झाला. माणदेश हा दक्षिण महाराष्ट्रातील अवर्षणग्रस्त मुलूख. त्यातील ‘धर्मा रामोशी’ या चित्रात निवेदक एका वृद्धाला जुने धोतर देतो. तरीही म्हातारा पुन्हा चिंध्यांतच दिसतो, तेव्हा त्याच्या वागण्याचे कोडे पडते. उलगडा त्याच्या घरी होतो : अंगभर वस्त्र नसलेल्या लेकीने ते धोतर नेसलेले असते. येथे माडगूळकर भाष्य करीत नाहीत; त्याची गरजही उरत नाही. इंग्रजी राजवटीच्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, त्यांत रामोशीही होते, हे लक्षात घेतले म्हणजे या संयमाचे मोल कळते. संपूर्ण जमातीचा ‘स्वभाव’ कायद्याच्या कलमांनी ठरविणाऱ्या व्यवस्थेपुढे एका बापाची एक कृती ठेवलेली आहे. ज्याला स्वभाव म्हणावे, तो पुष्कळदा अभावच असतो.

पु. ल. देशपांडे यांची वाट निराळी आहे. साहित्य अकादमीचा १९६५ चा पुरस्कार लाभलेल्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ या संग्रहाच्या शीर्षकातच एक शिक्का आहे. ‘वल्ली’ म्हटले की हसण्याची मुभा मिळते आणि समजून घेण्याची जबाबदारी टळते. पण ‘अंतू बर्वा’ या चित्रात हीच मुभा हळूहळू काढून घेतली जाते. रत्नागिरीच्या या म्हाताऱ्याची तिरकस वाणी आरंभी निव्वळ विनोदाचा विषय असते. पुढे घरात वीज घेण्याचे तो नाकारतो ते दारिद्र्य उजेडात पाहावे लागू नये म्हणून, आणि परदेशी निघालेल्या निवेदकाच्या हाती अंगाऱ्याची पुडी ठेवतो. तेव्हा तो तिरकसपणा हे एकाकी माणसाचे चिलखत होते, याचा प्रत्यय येतो. अंतू बदललेला नसतो. त्याच्याकडे पाहणारी दृष्टी बदललेली असते.

‘नारायण’ या चित्राचा रोख आणखी अवघड जागी आहे. लग्नघरात ज्याच्यावाचून कोणाचेच चालत नाही, तो नारायण कार्य उरकल्यावर कोणाच्या ध्यानात राहत नाही. त्याला ‘हौशी’, ‘परोपकारी’ ठरविले की त्याच्या श्रमांची मोजदाद करावी लागत नाही. स्वभावाचे लेबल हे वर्णन नसून इतरांची सोय असते, हे येथे हसतखेळत उघड होते.

या संग्रहातील सर्वच चित्रे ही उंची गाठतात असे नाही. ‘नाथा कामत’सारखे चित्र लकबींच्या गमतीवर अधिक भिस्त ठेवते, आणि तेथे शिक्का पुसला जाण्याऐवजी ठळक होतो. वाचकांनीही हाच सुलभ मार्ग स्वीकारला आहे. पुस्तकी भाषा बोलणाऱ्या तरुणाला ‘सखाराम गटणे’ आणि लग्नकार्यात राबणाऱ्याला ‘नारायण’ म्हणण्याची रीत मराठी बोलण्यात रुळली. शिक्क्यांविषयी सावध करणाऱ्या साहित्याने नवे शिक्के पुरवावेत, हा त्या साहित्याच्या लोकप्रियतेचा पुरावा आहे आणि वाचनाच्या उथळपणाचाही.

म्हणूनच माडगूळकर आणि देशपांडे यांच्या भूमिका परस्परविरोधी मानण्यात अर्थ नाही. एकाने परिस्थितीच्या बाजूने, दुसऱ्याने वाणीच्या बाजूने त्याच प्रश्नाला हात घातला. दोघांच्याही उत्तम चित्रांत अखेर तपासला जातो तो पाहणारा. धर्माच्या चिंध्यांचे कोडे सुटते ते निवेदकाची पावले त्याच्या दारापर्यंत जातात म्हणून. ‘त्याचा स्वभावच तसा’ असे म्हणणारा माणूस मात्र त्या दारापर्यंत गेलेला नसतो.