कंपाइल झालं, पण उतरलं का? एका जुन्या प्रोग्रामचं वाचन

संशोधनाला लागलात की पहिल्या वर्षभरात कुणीतरी तुमच्या हातात एक जुना प्रोग्राम ठेवणार, हे धरून चाला. फोर्ट्रानमधला असेल, पास्कलमधला असेल. सोबत एकच वाक्य येतं: "हे जरा सीमध्ये नाहीतर पायथनमध्ये करून टाक." त्या "जरा"मध्ये काय काय दडलेलं असतं, ते आज एका उदाहरणावरून बघू या. आपण इथे शोधनिबंधांचं परीक्षण करतो, तसंच आज एका प्रोग्रामचं करायचं आहे. प्रोग्राम हाही मजकूरच असतो, आणि दुसऱ्या भाषेत नेताना त्याचं जे होतं त्याला भाषांतराचेच निकष लावता येतात.

उदाहरण आहे टीएफ-टू-पीएल आणि पीएल-टू-टीएफ ही जोडी. प्रबंध लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांनी ही नावं निदान इन्स्टॉलेशनच्या यादीत पाहिली असतील. लाटेकच्या पोटात डोनाल्ड क्नूथ यांचं टेक आहे. गंमत अशी, की टेकला अक्षराचा आकार माहीतच नसतो. त्याला माहीत असते फक्त अक्षराभोवतीची चौकट: रुंदी किती, रेघेच्या वर उंची किती, खाली खोली किती. जुन्या छापखान्यातल्या जुळाऱ्यासमोर खिळा असायचा. इथे खिळा नाहीच, नुसती त्याची मापं आहेत. ही मापं टीएफएम नावाच्या फाइलमध्ये असतात. ती फाइल माणसाला वाचता येत नाही, म्हणून पहिला प्रोग्राम तिचं वाचता येण्याजोग्या यादीत रूपांतर करतो आणि दुसरा त्या यादीची पुन्हा फाइल बनवतो.

या दोन्हींची पहिली रूपं लिओ गुइबास यांनी १९७८च्या उन्हाळ्यात रचली. आज आपण वाचतो ती क्नूथ यांच्या 'वेब' पद्धतीतली. यात एकाच फाइलमध्ये गद्य स्पष्टीकरण आणि पास्कल कोड एकत्र विणलेले असतात. टँगल नावाचा प्रोग्राम त्यातून कंपायलरला देण्याजोगं पास्कल काढतो, तर वीव्ह माणसांसाठी छापण्याजोगं पुस्तक काढतो.

आधी मूळ नीट वाचा

टीएफएम फाइल अतिशय काटकसरीची आहे. सुरुवातीला १६ बिटांच्या १२ संख्या, आणि मग प्रत्येक अक्षरासाठी फक्त ४ बाइट. त्या ४ बाइटांत प्रत्यक्ष मापं नसतात, मापांच्या तक्त्यातले क्रमांक असतात. रुंदीच्या क्रमांकाला ८ बिट, उंचीला ४, खोलीला ४. तक्त्यातलं प्रत्येक माप ३२ बिटांची संख्या आहे, तिच्यातले शेवटचे २० बिट अपूर्णांकाचे. म्हणजे सर्वांत लहान पायरी १/१०४८५७६.

एवढं कळलं की प्रोग्रामच्या दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली, त्याचा संशयी स्वभाव. फाइल हातात आल्यावर तो आधी तिच्यावर अविश्वास दाखवतो. स्वतःची लांबी शून्य सांगतेस, ते कसं शक्य आहे? सांगितले त्याहून कमी बाइट कसे? शेवटी हा जादा कचरा कसला? अशा सूचना तो अगदी बोलल्यासारख्या छापतो. आपल्या प्रयोगशाळांमधले किती प्रोग्राम इनपुटला एवढे प्रश्न विचारतात?

दुसरी, ऋण संख्यांबाबतची सावधगिरी. दोन अक्षरं जवळ ओढण्याचं माप बहुधा ऋण असतं. ते छापताना प्रोग्राम आधी वजा चिन्ह वेगळं काढतो, संख्या धन करतो आणि मगच भागाकार करतो. वाचणाऱ्याला हा उगाच वळसा वाटतो, आणि भाषांतर करणारा हात नेमका तिथेच शिवशिवतो: "एवढं कशाला? पायथनमध्ये दोन ओळींत होतं."

करून बघा. संगणकी रोमनच्या १० पॉइंट टंकात एक ओढ −०.०२७७७९ आहे. चारही बाइटांची मिळून एक ऋण पूर्णांक संख्या घेतली आणि पायथनच्या पूर्णांक भागाकाराने तिचे दोन तुकडे केले, की पूर्ण भाग येतो −१ आणि बाकी येते ०.९७२२२१. कारण पायथनचा भागाकार खालच्या दिशेने जातो. पास्कलचा आणि आजच्या सीचा शून्याच्या दिशेने. दोन्ही तुकडे शेजारी छापले की उत्तर −१.९७२२२१. केसाएवढी ओढ जवळपास दोन अक्षरांएवढी झाली! कंपायलर काहीच बोलणार नाही, कारण व्याकरणात चूक नाहीच. चूक अर्थात आहे. तो वळसा शोभेचा नव्हता. वेगवेगळ्या यंत्रांवर उत्तर एकच यावं म्हणून घातलेला होता.

न दिसणारा फरक

वरची चूक निदान डोळ्यांना दिसते. खरी गोची न दिसणाऱ्या चुकांची. तक्त्यातली एक संख्या घ्या: १०४८५७५/१०४८५७६. टीएफ-टू-पीएल ती ०.९९९९९९ अशी छापतो. परत नेताना नेमकी तीच संख्या मिळेल इतकेच अंक तो देतो, एकही जास्त नाही. आता उलट्या दिशेच्या तुमच्या नव्या प्रोग्रामने हा दशांश १०४८५७६ने गुणला. येतात १०४८५७४.९५. जवळच्या पूर्णांकापर्यंत नेलं तर मूळ संख्या परत मिळते. नुसतं अपूर्णांक छाटणारं फंक्शन वापरलं तर १०४८५७४, म्हणजे एकाने कमी. पुन्हा एक फेरी मारली तर आणखी एकाने कमी.

"कागदावर दिसणार आहे का हे?" नाही दिसणार. १० पॉइंटच्या टंकात हा फरक पॉइंटच्या एक लाखाव्या भागाएवढा आहे. पण तुमच्याकडे पडताळणीचं जे एकमेव भक्कम साधन होतं ते गेलं. जुन्या आणि नव्या प्रोग्रामच्या फाइली बाइटला बाइट जुळतात की नाही, हा प्रश्न हो किंवा नाही असं उत्तर देतो. एकदा "थोडा फरक चालतो" म्हटलं की प्रत्येक फरकाला हेच स्पष्टीकरण पुरतं, आणि त्याच गर्दीत मोठी चूक लपते.

तिसरी जागा आणखी साधी. विंडोजवर सीमध्ये फाइल मजकूर म्हणून उघडली, तर लिहिताना प्रत्येक १० या बाइटाच्या आधी १३ घातला जातो. टीएफएममध्ये १० हा बाइट कुठेही येऊ शकतो, नुसता रुंदीचा दहावा क्रमांक म्हणूनसुद्धा. फाइल फुगते आणि तिने स्वतः सांगितलेली लांबी खोटी ठरते. इथे मूळ प्रोग्रामचा संशय कामी येतो, अर्थात भाषांतर करताना तो भाग "नुसत्या सूचना" म्हणून वगळला नसेल तर.

नेण्याच्या दोन रीती

पहिली रीत यंत्राची. १९८७मध्ये टॉमस रोकिकी यांनी टेकचं पास्कल सीमध्ये उतरवणारं काम केलं. पुढे टिम मॉर्गन, कार्ल बेरी आणि इतरांनी ते वाढवलं, आणि वेब-टू-सी म्हणून ते आजही चालतं. या रीतीत मूळ फाइलला कुणी हात लावत नाही. बदलांची फाइल वेगळी असते: मूळच्या या ओळी काढा, त्याऐवजी या घाला. मूळ ओळी तंतोतंत जुळल्या नाहीत तर टँगल तक्रार करतो.

मला या शिस्तीवरून मावळातल्याच एका कामाची आठवण होते. कार्ल्याच्या लेण्यांतले ब्राह्मी लेख एमिल सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या ७व्या खंडात प्रसिद्ध केले. अशा प्रकाशनात दगडाचा ठसा वेगळा, लिप्यंतर वेगळं आणि अभ्यासकाची दुरुस्ती वेगळी दाखवायची, असा दंडक आहे. म्हणून शंभर वर्षांनंतरही कुणी म्हणू शकतं, "हे अक्षर मला वेगळं दिसतं." बदलांची वेगळी फाइल हेच करते. मूळ कुठे संपतं आणि माझा हात कुठे सुरू होतो, ते स्पष्ट राहतं.

पण या रीतीची उणीवही सांगायला हवी. बाहेर पडणारं सी माणसाने वाचावं असं नसतं. टँगलच्या पास्कलमध्येच स्पष्टीकरणं गळून पडलेली असतात आणि नावांमधली जोडरेघही निघून गेलेली असते. गद्य आणि कोड एकत्र वाचले जावेत हा मूळ लेखनाचा जीव होता. यंत्राने उत्तरं जपली, समजावणं मागेच राहिलं.

दुसरी रीत हाताची: मूळ समोर ठेवून नव्या भाषेत नव्याने लिहायचं. ते वाचायला सुखद होतं, विद्यार्थ्याला पुढे नेता येतं. मात्र प्रत्येक ओळीत लिहिणाऱ्याचा अंदाज मिसळतो आणि कुठे मिसळला याची नोंद राहत नाही. माझं मत विचाराल तर हाताने केलेलं भाषांतर तेव्हाच स्वीकारावं, जेव्हा सोबत जुना प्रोग्राम चालता ठेवलेला असतो आणि दोघांची उत्तरं ताडून पाहता येतात. ताडायला जुना प्रोग्राम चालूच होत नसेल, तर निदान त्याने पूर्वी बनवलेल्या फाइली जपून ठेवा.

भाषेची मर्यादा की साच्याची?

आता माझी मुख्य तक्रार, आणि ती मूळ रचनेबद्दल आहे. उंचीला ४ बिट म्हणजे १६ क्रमांक. पहिला शून्यासाठी राखीव. म्हणजे एका टंकात शून्य सोडून फक्त १५ वेगळ्या उंच्या. जास्त असतील तर पीएल-टू-टीएफ जवळजवळच्या उंच्या एकत्र करतो आणि कितीने सरकवल्या ते प्रामाणिकपणे छापतो. साध्या इंग्रजी मजकुरात याचा परिणाम जवळपास दिसत नाही.

पण लोणावळ्याचा विचार करा. कैवल्यधाम १९२४मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही. योगावरच्या अशा संशोधनात 'प्राणायाम' हा शब्द रोमन लिपीत, स्वरांवर आडव्या रेघा देऊन लिहावा लागतो. टेक अशी रेघ कुठे ठेवतं? खालच्या अक्षराची टीएफएममधली उंची बघून. उंची गोळाबेरजेने सरकली की रेघही सरकते. इंग्रजीत निरुपद्रवी असलेली तडजोड संस्कृतच्या लिप्यंतरात कागदावर येते. ती सूचना "क्षुल्लक" म्हणून नव्या प्रोग्राममधून काढली, तर रेघ का सरकली ते कुणालाच कळणार नाही.

देवनागरीत प्रश्न आणखी खोल आहे. 'विसापूर' किंवा 'तिकोना' लिहिताना पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, कागदावर आधी. टीएफएममधली जोडाक्षरांची सोय शेजारशेजारची दोन अक्षरं बघते. संपूर्ण जोडाक्षर ओलांडून वेलांटी पुढे आणणं तिला जमत नाही. शिवाय एका टंकात २५६ अक्षरांचीच जागा. म्हणून नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या फ्रान्स वेल्थुईस यांनी १९९१मध्ये देवनागरी टंकासोबत सीमध्ये लिहिलेला एक वेगळा प्रोग्राम दिला. तो टेकच्या आधी मजकूर वाचतो आणि वेलांट्या, जोडाक्षरं लावून देतो. पुढे या संचात अ, झ, ण यांसारख्या अक्षरांसाठी मुंबई वळणही निवडता येऊ लागलं.

यातून काय घ्यायचं? पीएल-टू-टीएफ तुम्ही सीमध्ये न्या, पायथनमध्ये न्या, १५ उंच्यांची मर्यादा बरोबर येणारच. ती पास्कलची नाही, फाइलच्या साच्याची आहे. भाषा बदलल्याने साचा बदलत नाही. आजच्या युनिकोड देवनागरीत टीएफएमला वळसा घालूनच मार्ग काढला गेला. अक्षरजुळणीचं काम टंकात आणि वेगळ्या इंजिनात गेलं. तुमच्या प्रोग्राममध्येही असा साचा कुठेतरी असेल: सेन्सरची ठरावीक संख्या, वर्षासाठी दोनच अंक, नमुन्याच्या नावाला ८ अक्षरं. भाषांतराच्या आधी तो शोधा आणि लिहून ठेवा. तो मोडायचा असेल तर खुशाल मोडा, पण मग त्याला भाषांतर म्हणू नका. तो नवा प्रोग्राम आहे, आणि त्याची पडताळणीही नव्याने करावी लागेल.

कामाला लागताना

मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा. बदलांची वही वेगळी करा. शून्य, ऋण, सर्वांत मोठी संख्या आणि मुद्दाम बिघडवलेली फाइल, ही चार इनपुटं पहिल्या दिवशी तयार करा. देवनागरीचं काम असेल तर चाचणीचे शब्द आपल्याच तालुक्यात आहेत: इंद्रायणी, कार्ले, कान्हे, तिकोना, दऱ्याखोऱ्या. रफार, जोडाक्षर, वेलांटी, अर्धा र, सगळं यात आलं. फेरी पूर्ण करून बघा: फाइलवरून यादी, यादीवरून फाइल, पुन्हा यादी. दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या पाहिजेत.

आणि हे सगळं प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहा. बऱ्याच विभागांत अशा कामाला "तांत्रिक मदत" म्हणून एका ओळीत उरकतात. पण तुमचे आकडे ज्या प्रोग्राममधून आले तो भाषांतरित असेल, तर भाषांतर कसं ताडलं हा परीक्षकाचा रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर "कंपाइल झालं होतं" असं असू शकत नाही.