मुक्तस्रोत आज्ञावलीतील कर्तृत्वाची नोंद : एक चिकित्सा

संगणकाच्या आज्ञावलीकडे संहिता म्हणून पाहण्याची प्रथा आपल्या विद्याशाखेत अद्याप रुळलेली नाही. तथापि आज्ञावलीही अनेक हातांनी लिहिली जाते, तिच्यात दुरुस्त्या होतात, तिच्या प्रती निघतात आणि अमुक ओळीचा कर्ता कोण, हा प्रश्न तिच्याबाबतही उद्भवतो. ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत, प्रकल्पांनी ह्या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे प्रत्येक बदलाची सर्वांना पाहता येणारी नोंद होय. ही नोंद कशाची साक्ष देते आणि कशाची देत नाही, एवढाच मुद्दा येथे विचारात घ्यावयाचा आहे.

लिनस टॉरवल्ड्स ह्यांनी १९९१ मध्ये लिनक्स ह्या कार्यप्रणालीच्या गाभ्याचे लेखन आरंभिले. पहिल्या दशकात इतरांनी सुचविलेले बदल ई-मेलने येत व ते मूळ संहितेत मिळवून घेतले जात. कोणती ओळ कोणाकडून आली, ह्याची सलग नोंद त्या काळी ठेवली गेली नाही. ही उणीव किती महाग पडू शकते, हे मार्च २००३ मध्ये दिसून आले. एससीओ ह्या कंपनीने आयबीएमविरुद्ध दावा लावला. आपल्या हक्काची युनिक्समधील सामग्री लिनक्समध्ये गेली, असे तिचे म्हणणे होते. अशा आरोपाला उत्तर द्यावयाचे तर प्रत्येक ओळीचा उगम दाखविता आला पाहिजे. मे २००४ मध्ये टॉरवल्ड्स ह्यांनी उगमाविषयीचे एक प्रतिज्ञापत्र पुढे मांडले. तेव्हापासून बदल पाठविणारा प्रत्येक जण आपल्या टिपणाच्या अखेरीस ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ आणि आपले नाव लिहितो.

भाषाभ्यासाच्या दृष्टीने ही ओळ लक्षणीय आहे. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी ज्या उक्तींना कृतिरूप मानले, त्या जातीची ती आहे. ती घडलेल्या गोष्टीचे वर्णन करीत नाही; हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे, अशी हमी देते. तिच्या शेजारी परीक्षण करणारा, चाचणी घेणारा, दोष कळविणारा ह्यांच्यासाठी निरनिराळ्या ओळी ठरलेल्या आहेत. आपल्या दस्तऐवजांत लिहून देणार, लिहून घेणार आणि साक्षीदार ह्यांची स्थाने जशी वेगळी असतात, तशीच ही व्यवस्था आहे. सहभागाचे प्रकार एकमेकांत मिसळू न देणे, हा तिचा गुण. मात्र हमी देणारी व्यक्ती प्रामाणिक आहे की नाही, हे हमीच्या शब्दांतून कळत नाही. खरे नाव लिहिण्याची जुनी अटही २०२३ मध्ये सैल होऊन ‘परिचित ओळख’ पुरेशी ठरली.

एप्रिल २००५ मध्ये टॉरवल्ड्स ह्यांनी गिट ही नोंदव्यवस्था निर्माण केली. तीत बदलाचा लेखक आणि तो संहितेत दाखल करणारा ह्यांची नावे स्वतंत्रपणे राहतात. प्रत्येक नोंदीची खूण आधीच्या नोंदीच्या खुणेवर अवलंबून असल्यामुळे मागील मजकूर गुपचूप बदलता येत नाही. असे असूनही लिनक्सची गिटमधील पहिली नोंदच चिकित्सकाला सावध करते. त्या दिवशी तोवरची सर्व संहिता एकदम दाखल झाली. तिचा पूर्वेतिहास त्या नोंदीत आणला गेला नाही. परिणामी २००५ पूर्वीच्या एखाद्या ओळीचा कर्ता शोधू गेल्यास नाव टॉरवल्ड्स ह्यांचे येते, मग ती ओळ कोणीही लिहिलेली असो. येथे नोंद खोटी नाही, परंतु भोळ्या वाचकाला ती खोटे सांगते. दाखल करणे म्हणजे लिहिणे नव्हे, हा भेद वाचकानेच जाणला पाहिजे.

ह्याहून गंभीर उदाहरण २०२४ मधील आहे. फाइलींचे आकारमान कमी करणाऱ्या एक्सझेड ह्या आज्ञावलीत, दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावधारी सहभागीने चोरवाट घातली. तिच्यासाठी लागणारा गूढ मजकूर चाचणीच्या फाइली म्हणून जाहीर नोंदीत उघडपणे ठेवलेला होता. तो कार्यान्वित करणारा धागा मात्र नोंदीत नव्हता. वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातच तो घातला होता. म्हणजे जाहीर संहिता आणि लोकांच्या हाती पडणारी प्रत ह्यांत पाठभेद होता, आणि दोन्ही प्रती ताडून पाहण्याचे काम कोणी केले नव्हते. अँड्रेस फ्रॉइंड ह्यांना दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. त्याचे कारण शोधता शोधता ते ह्या चोरवाटेपाशी पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ती उघड केली. प्रकरण फुटल्यावर मात्र त्याच नोंदीच्या आधारे सारा घटनाक्रम तिथीवार जुळविता आला.

ह्यावरून नोंदीचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. नोंद गुन्हा थोपवीत नाही. तो विस्मृतीत जाऊ देत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत संहितेखाली पाठभेद छापले आहेत, ते संपादकाचा निर्णय वाचकाला तपासता यावा म्हणून. तळटीप न वाचणाऱ्यासाठी ती संहिता इतर कोणत्याही छापील पोथीसारखीच. मुक्तस्रोत प्रकल्पांनी तळटीप लिहिण्याची शिस्त बाणविली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण नोंद सर्वांसाठी खुली असणे आणि ती कोणीतरी वाचलेली असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पारदर्शकतेची जी ग्वाही दिली जाते, तीत पहिलीचाच हिशेब असतो. दुसरीचे उत्तरदायित्व अजून कोणाच्याही नावावर नोंदलेले नाही.