घरबसल्या प्रवास : यवतमाळकडे पाहणारा पडदा

१

कष्टावाचून लाभ झाला की 'गंगा दारी आली' असे आपण म्हणतो. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांनी घडवलेल्या प्रवासाविषयी बोलताना 'घरबसल्या' हा शब्द ज्या सहजतेने ओठांवर येतो, त्यातही हीच अर्थच्छटा आहे. पाहणारा उंबरठ्याच्या आत राहतो आणि जग त्याच्यापर्यंत चालत येते. या व्यवहारात पाहणाऱ्याला काय मिळते याची चर्चा पुष्कळ होते. जे स्थळ पाहिले जाते त्याच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात उपस्थित करावयाचा आहे.

घरात बसून दूरचे जग अनुभवणे मराठी वाचकाला नवीन नाही. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून (१९०७) पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'पर्यंत (१९६०) प्रवासवर्णनाने हेच काम केले. तथापि या दोन अनुभवांत एक रूपगत भेद आहे. प्रवासवर्णनातील निवेदकाला शरीर असते. त्याला भूक लागते, तो फसवला जातो, आजारी पडतो, घराच्या आठवणीने कासावीस होतो. गोडसे भटजी १८५७च्या धामधुमीतून जीव वाचवत परतले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. दारी आलेली ही गंगा कोणी किती पायपीट करून आणली आहे, हे वाचकाला ठाऊक असते. पडद्यावरील प्रवासात असा सोबती बहुधा नसतो. कॅमेरा दमत नाही, त्याला कोणी पाणी विचारत नाही आणि ज्या गावात तो जातो त्या गावाचे त्याच्यावर ऋण राहत नाही. प्रवासाची किंमत अदृश्य होणे हे या माध्यमाचे आकर्षण आहे आणि हीच त्याची नैतिक अडचणही आहे.

जॉन उरी यांनी 'द टुरिस्ट गेझ' (१९९०) या ग्रंथात पर्यटकाची दृष्टी प्रत्यक्ष प्रवासापूर्वीच घडते, आणि ती घडवण्यात चित्रपट, दूरचित्रवाणी, साहित्य यांचा वाटा असतो, असे प्रतिपादन केले. त्यांच्याही आधी रोलाँ बार्थ यांनी 'ब्ल्यू गाइड' या प्रवासपुस्तिकांवरील लेखात दाखवून दिले होते की, डोंगर आणि स्मारके यांच्या वर्णनात त्या देशातील जिती माणसे नाहीशी होतात, उरतात ते केवळ नमुने. या दोन्ही विचारांचा उगम सुस्थित पर्यटकाच्या समाजात झाला, हे विसरता येत नाही. ज्या जिल्ह्याकडे कोणी सहलीला येत नाही, पण ज्याची चित्रे मात्र घरोघरी पोहोचतात, त्याच्या बाबतीत हे विचार थोडे वाकवूनच लावावे लागतील.

२

नव्वदच्या दशकात यवतमाळसारख्या जिल्ह्यात वाढलेल्या पिढीसाठी पडदा म्हणजे बाहेर पडण्याची वाट होती. दूरदर्शनवरील 'सुरभि' हा कार्यक्रम १९९०मध्ये सुरू झाला. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या सोबतीने ही पिढी ईशान्येच्या खेड्यांत आणि कच्छच्या रणात जाऊन आली. या कार्यक्रमाच्या प्रश्नांना पोस्टकार्डाने उत्तर पाठवण्याची सोय होती. ही बाब किरकोळ वाटली तरी महत्त्वाची आहे. पाहणाऱ्याच्या बाजूने काहीतरी परत जात होते, आणि त्यावर प्रेषकाच्या गावाचे नाव व डाकघराचा शिक्का असे. प्रेक्षकालाही एक पत्ता आहे, याची दखल त्या व्यवहारात होती.

'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) या चित्रपटातील स्वित्झर्लंडने हा पत्ता पुसून टाकला. त्या हिरवळीला कोणीही, कोठूनही पाहावे. यश चोप्रांच्या चित्रपटांनी तिकडे जे पर्यटक नेले, त्यांची पावती म्हणून इंटरलाकेन येथे २०१६ साली चोप्रांचा पुतळा उभारण्यात आला. 'दिल चाहता है' (२००१) नंतर गोव्यातील शापोऱ्याचा किल्ला त्या चित्रपटाच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. 'सैराट'ने (२०१६) करमाळा तालुक्यातील विहीर, झाड, मंदिर यांना प्रेक्षणीय केले. ज्या चित्रपटाचा शेवट प्रेमिकांच्या हत्येत होतो, त्याच्या पूर्वार्धातील स्थळांपाशी लोकांनी छायाचित्रे काढून घ्यावीत, यातच पर्यटकी दृष्टीची निवडक विस्मृती दिसते. स्थळ आठवते, कथेने त्या स्थळावर केलेला आरोप आठवत नाही.

३

आता दिशा उलट करून पाहू. यवतमाळ जिल्हा पडद्यावर आला तो कोणत्या रूपाने? चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब जीवन संपवले. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या इतिहासात ही नोंद पहिली मानली जाते. पुढे २०००नंतरच्या दशकात हा जिल्हा वृत्तवाहिन्यांवर सातत्याने दिसू लागला. भेगाळलेली जमीन, हार घातलेले छायाचित्र, डोक्यावर पदर घेतलेली स्त्री, अशी एक ठरीव चिन्हव्यवस्था तयार झाली. बार्थ यांना जे नमुने डोंगर-स्मारकांच्या मागे सापडले, ते येथे शोकाच्या रूपाने आले.

या चिन्हव्यवस्थेवरचे सर्वांत तिखट भाष्य अनुषा रिझवी यांच्या 'पीपली लाइव्ह' (२०१०) या चित्रपटात आढळते. त्यातील गाव काल्पनिक आहे, चित्रीकरण मध्य प्रदेशात झालेले आहे. तरीही विदर्भातील प्रेक्षकाला ते ओळखीचे वाटते. नत्था आत्महत्या करणार या बातमीने त्याच्या घरासमोर वाहिन्यांच्या गाड्या येतात, पाठोपाठ दुकाने लागतात, जत्रा भरते. घरबसल्या पाहणाऱ्यांची भूक भागवण्यासाठी एका माणसाचे घर प्रेक्षणीय स्थळ होते. मात्र या चित्रपटातला खरा प्रवास शेवटी येतो. जत्रा उठून जाते आणि गावातून नाहीसा झालेला नत्था महानगराच्या बांधकामावर मजूर म्हणून दिसतो. त्याला पाहायला आता कोणी नसते. जो पाहिला गेला त्यालाच घर सोडावे लागले, हा व्यत्यास चित्रपटाने एकही शब्द न बोलता मांडला आहे.

'शेरनी'चा (२०२१) विचार याच संदर्भात करावा लागतो. पांढरकवडा-राळेगाव परिसरातील 'अवनी' किंवा टी-१ या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालण्यात आली. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचे नाव जोडले गेले होते. अमित मसुरकर यांच्या चित्रपटातील टी-१२ची कथा कल्पित म्हणून सादर झाली असली, तरी तिच्यामागे ही घटना आहे हे प्रेक्षकांनी तत्काळ ओळखले. चित्रीकरण याही वेळी मध्य प्रदेशातील जंगलांत झाले. कलाकृतीला स्थळांतराचे स्वातंत्र्य असते, हे मान्यच आहे. या चित्रपटाचा संयम, विशेषतः पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयातील त्याचा थंड शेवट, दाद देण्याजोगा आहे. परंतु एक गोष्ट नोंदवली पाहिजे. प्रेक्षकाच्या मनात जे जंगल उरते, ते साल-सागाचे दाट, ओलसर जंगल असते. राळेगावच्या बाजूचे जंगल कपाशीच्या शेताला लागून आहे, मध्ये कुंपण नाही. तेथे वाघ आणि माणूस समोरासमोर येतात ते कोणी निबिड अरण्यात शिरले म्हणून नव्हे, तर गुरे चारायला किंवा वेचणीला गेले म्हणून. स्थळ बदलले की संघर्षाचे कारणही नकळत बदलते.

या पार्श्वभूमीवर सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) वेगळा ठरतो. शीर्षकातील वऱ्हाडी शिवीपासूनच तो आपला पत्ता सांगतो. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका धास्तावते. आपला नवरा किसना असेच काही करील या भीतीने ती लहानग्या दिनूला त्याच्यामागे धाडते, घरात गोडधोड रांधते. या चित्रपटात पाहण्याची क्रिया बाहेरच्या प्रेक्षकाकडे नाही, ती घरातल्या माणसांकडे आहे. मुलगा बापाकडे पाहतो, बायको नवऱ्याकडे, सासू सुनेकडे, आणि सगळे मिळून आभाळाकडे. घर ते शेत एवढाच प्रवास, पण प्रत्येक फेरीत जीव टांगणीला लागलेला. सहानुभूतीचा पर्यटक म्हणून येथे शिरलेल्या प्रेक्षकाला बसायला जागा मिळत नाही, कारण या घरात प्रत्येक नजर कामाला जुंपलेली आहे. त्यात विनोदही आहे, आणि तो बाहेरच्याला अवघडून टाकतो. शोकाच्या ठरीव चिन्हव्यवस्थेत हसण्याला स्थान नसते.

४

येथवरच्या विवेचनातून एक शंका उद्भवते. पडद्यावरील चित्रण कितीही प्रामाणिक असले, तरी यवतमाळचा माणूस त्यात पाहिला जाणाराच राहतो काय? या शंकेचे उत्तर पडद्यापेक्षा रंगमंचाने अधिक नेमके दिले, असे मला वाटते. श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित 'तेरवं' या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील स्त्रिया स्वतः भूमिका करतात. त्यांतील एक, कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे. यवतमाळ येथील ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले आणि ११ जानेवारी २०१९ रोजी त्या संमेलनाचे उद्घाटन येडे यांच्या हस्ते झाले. निमंत्रण मागे घेण्याची नामुष्की या निवडीने धुऊन निघाली नाही, निघणारही नव्हती. एका अन्यायावर दुसऱ्या वेदनेचे पांघरूण घातले गेले, ही टीका रास्त आहे.

पण 'तेरवं'चा अर्थ त्या प्रसंगापुरता मर्यादित नाही. ज्या स्त्रीने नवऱ्यामागे उंबरठ्याच्या आत राहावे अशी रूढीची अपेक्षा, ती स्त्री येथे घर सोडून परगावच्या प्रेक्षकांसमोर उभी राहते. प्रवासाचा खर्च, शीण आणि लोकापवाद तिच्या वाट्याला येतात. प्रवासवर्णनाच्या निवेदकाला जे शरीर होते आणि पडद्याने जे पुसून टाकले, ते येथे परत येते, तेही पाहणाऱ्याच्या नव्हे, पाहिल्या जाणाऱ्याच्या बाजूने. प्रेक्षकालाही घरबसल्या राहता येत नाही, निदान नाट्यगृहापर्यंत यावे लागते. दोघांनी एकमेकांच्या दिशेने थोडे चालणे, हा या प्रयोगाचा रूपबंध आहे.

एखाद्या चित्रपटाने किती जणांना प्रवासाला प्रवृत्त केले, हा निकष पर्यटन खात्याला पुरेसा असेल. समीक्षेला तो पुरत नाही. कलाकृतीने पाहणाऱ्याला त्याचा स्वतःचा पत्ता विचारला का, हे समीक्षेने तपासले पाहिजे. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला एक वाघ सुमारे तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेव्हा त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे त्याच्या वाटचालीचा नकाशा घरोघरी कौतुकाने पाहिला गेला. याच जिल्ह्यातून दरवर्षी कामाच्या शोधात शहरांकडे निघणाऱ्या माणसांच्या वाटेचा असा नकाशा कोणी पाहिलेला नाही. तो पाहावासा वाटेल असा चित्रपट अजून व्हायचा आहे.